डेबिट चुकलंय की बिल? यूकेत एनर्जी सप्लायर बदलल्यावर जुन्याने पैसे कापले तर काय करायचं

सप्लायर बदलून महिना झालेला असतो, नव्याचं ॲप फोनवर आलेलं असतं, जुन्याला आपण विसरूनही गेलेलो असतो आणि एक दिवस सकाळी बँकेच्या ॲपवर दिसतं की जुन्याने १८६ पाउंड कापलेत. मग बहुतेक जण काय करतात, आधी डायरेक्ट डेबिट (सप्लायरला आपल्या अकाउंटमधून पैसे घ्यायची दिलेली परवानगी) कॅन्सल करतात, मग बँकेला फोन लावून पैसे परत मागतात, आणि सगळ्यात शेवटी फायनल बिल उघडून बघतात. हा क्रम बरोबर उलटा हवा. इथल्या मराठी ग्रुप्सवर दर दोन महिन्यांनी हाच प्रश्न येतो आणि दर वेळी कोणीतरी सांगतं, "बँकेला सांग, लगेच पैसे मिळतात." मिळतात हो, पण ते तुमच्याकडे राहतील की नाही हे वेगळ्याच गोष्टीवर ठरतं.

डेबिट चुकणं आणि बिल चुकणं हे दोन वेगळे वाद आहेत. न सांगता पैसे कापले, कळवलेल्यापेक्षा जास्त कापले, तुम्ही कॅन्सल केल्यावर कापले, तर डेबिट चुकलं, तिथे बँक. पैसे बिलाप्रमाणेच कापले पण बिलातलं रीडिंग, दर किंवा हिशोबच चुकीचा आहे, तर बिल चुकलं, तिथे सप्लायर. निम्म्या लोकांची गाडी इथेच चुकीच्या रुळावर जाते, म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाभोवती लावल्यात.

हे सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. नॉर्दर्न आयर्लंडचा रेग्युलेटर वेगळा, तिथले नियमही वेगळे.

## पायरी १: स्विचच्या दिवशीचं रीडिंग पुराव्यासकट हातात ठेवा

ज्यांचं स्विच अजून व्हायचंय त्यांनी हे आधी करा. ज्यांचं झालंय त्यांनी फोनच्या गॅलरीत शोधा, मीटरचा एखादा फोटो निघतोच.

आपल्याकडे महावितरणचा माणूस यायचा, रीडिंग घेऊन जायचा, बिल यायचं, आपण भरायचो. त्या सवयीमुळे इथे आल्यावरही मीटरकडे बघायचं आपल्या डोक्यात येत नाही. पण इथे जुन्या सप्लायरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग हा एकच आकडा असायला हवा, आणि तो तुम्ही दिला नाहीत तर अंदाजाने भरला जातो. स्विच हल्ली ५ कामाच्या दिवसांत होतं, त्यामुळे वेळ कमी असतो. नवा सप्लायर स्विचची तारीख कळवतो, त्या दिवशी किंवा एखाद दिवस मागेपुढे रीडिंग घ्या आणि नव्या सप्लायरला द्या, तोच ते जुन्याकडे पोचवतो.

फोटो कसा काढायचा तेही सांगते, कारण नुसत्या आकड्याचा फोटो पुरावा म्हणून लंगडा पडतो. आमच्या फ्लॅटचा लाइटचा मीटर जिन्याखालच्या कपाटात आहे, शेजारी आणखी तीन फ्लॅटचे मीटर, सगळे सारखेच दिसतात. म्हणून एकाच फोटोत दोन गोष्टी आल्या पाहिजेत, रीडिंगचे आकडे आणि मीटरवर बारकोडजवळ छापलेला सिरियल नंबर. तो नंबर बिलावरही असतो, जुळवून बघा. गॅसचा मीटर बहुतेक बाहेरच्या भिंतीतल्या पांढऱ्या पेटीत असतो, त्याची त्रिकोणी भोकाची प्लास्टिकची चावी लागते, नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आकडे डावीकडून उजवीकडे वाचायचे, लाल रंगातले किंवा दशांश चिन्हानंतरचे सोडून द्यायचे.

गॅस मीटरवर आणखी एक बघा: त्यावर क्यूबिक मीटर लिहिलंय की क्यूबिक फूट. जुने मीटर शंभर क्यूबिक फुटांत मोजतात आणि त्याचं एक युनिट म्हणजे २.८३ क्यूबिक मीटर. सप्लायरच्या सिस्टिममध्ये मीटर चुकीच्या प्रकाराने नोंदला असेल तर बिल जवळजवळ तिप्पट तरी येतं नाहीतर एक तृतीयांश तरी. एक क्यूबिक मीटर गॅस म्हणजे साधारण ११ किलोवॉट अवर, हा आकडा लक्षात ठेवला की बिलावरची आकडेमोड स्वतःला तपासता येते.

सावधान: स्मार्ट मीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्विचनंतर काही जुने स्मार्ट मीटर नव्या सप्लायरशी बोलायचे थांबतात आणि मग परत अंदाजच येतो. फोटो काढाच.

## पायरी २: पैसे नक्की कुठल्या मार्गाने गेले ते बघा

हे दोन मिनिटांचं काम आहे पण बरेच जण करत नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये तो व्यवहार उघडा. डायरेक्ट डेबिट असेल तर तसं लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा नुसतं डीडी. जर ते डेबिट कार्डाच्या नंबरावरून गेलं असेल, म्हणजे तुम्ही कधीतरी कार्ड नंबर देऊन ठेवला होता, तर डायरेक्ट डेबिट गॅरंटी (चुकीने कापलेले पैसे बँकेने परत द्यायची हमी, पायरी ६ बघा) तिथे लागूच होत नाही, तिथे बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागावा लागतो. आणि स्टँडिंग ऑर्डर असेल तर ती तुम्हीच लावलेली असते, सप्लायरचा त्यात हात नसतो.

मग नाव नीट वाचा. एकाच महिन्यात दोन एनर्जी डेबिट दिसली की "डबल कापले" म्हणून लोक घाबरतात. पण नवा सप्लायर बहुतेक वेळा पहिला हप्ता सुरुवातीलाच घेतो आणि जुना मागच्या वापराचं घेत असतो, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. स्विचनंतर फायनल बिल यायच्या आत जुन्याचा नेहमीचा मासिक हप्ताही कधीकधी जातो. त्यात लगेच काही चुकलं असं नाही. तो हप्ता फायनल बिलात जमा दाखवलाय की नाही, हे महत्त्वाचं.

तपासा: डेबिट कोणाच्या अकाउंटमधून गेलं? शेअरिंगच्या घरात बिल एकाच्या नावावर आणि डायरेक्ट डेबिट दुसऱ्याच्या अकाउंटला, असं सर्रास असतं. बँकेत क्लेम फक्त अकाउंट होल्डर करू शकतो आणि सप्लायर बिलावर नाव असणाऱ्याशीच बोलतो. दोघांनी आधी आपापसात बोलून घ्या.

## पायरी ३: फायनल बिल मिळवा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा

स्विच झाल्यापासून ६ आठवड्यांत जुन्या सप्लायरने फायनल बिल द्यायला हवं. तुमचं क्रेडिट, म्हणजे वापरापेक्षा जास्त भरलेले पैसे, निघत असेल तर बिल दिल्यापासून १० कामाच्या दिवसांत ते परत यायला हवं. यातलं एखादं चुकलं तर एनर्जी रेग्युलेटर ऑफजेमच्या नियमाप्रमाणे भरपाई आहे, आधी ३० पाउंड होती, २०२५ च्या जानेवारीपासून ४० पाउंड झाली. ती आपोआप मिळायला हवी, नाही मिळाली तर मागा, संकोच करू नका.

बिल ईमेलने येतं, कधी स्पॅममध्ये पडतं, कधी नुसतं ऑनलाइन अकाउंटमध्ये ठेवलेलं असतं. जुन्या सप्लायरचं लॉगिन काही काळाने बंद होऊ शकतं म्हणून स्विच करतानाच मागच्या वर्षभराची बिलं डाउनलोड करून ठेवा.

आता बिलात काय बघायचं:

१. शेवटचं रीडिंग. आकड्याशेजारी बारीक अक्षरात ते कसं मिळालं तेही लिहिलेलं असतं, खरं घेतलेलं, ग्राहकाने दिलेलं की अंदाजे. 'एस्टिमेटेड' किंवा नुसतं ई दिसलं की थांबा आणि तुमच्या फोटोशी जुळवा.

२. नव्या सप्लायरचं पहिलं रीडिंग. ते नव्याच्या पहिल्या बिलावर किंवा ॲपमध्ये असतं. आणि इथे एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. समजा अंदाज ३०० युनिटने जास्त धरला, पण जुन्याने आणि नव्याने तोच आकडा घेतलाय, तर जुन्याने तुमच्याकडून ३०० युनिटचे पैसे जास्त घेतले आणि नवा तेवढेच कमी घेईल. तुमचं नुकसान फक्त दोन टॅरिफच्या दरातल्या फरकाएवढं, पाचसहा पाउंडांसाठी तीन महिने भांडायचं का ते तुम्ही ठरवा. पण दोघांचे आकडे वेगळे असतील, जुन्याचा शेवट नव्याच्या सुरुवातीपेक्षा मोठा असेल, तर मधली युनिटं तुम्ही दोनदा भरताय. तिथे मात्र नक्की भांडायचं.

३. जमा रकमा. बँक स्टेटमेंट शेजारी उघडा आणि भरलेला प्रत्येक हप्ता बिलात आहे का ते बोट ठेवून बघा. शेवटचा हप्ता राहून जाणं ही नेहमीची चूक.

४. एक्झिट फी. फिक्स्ड टॅरिफ संपायच्या आधी निघालात तर लागू शकते, पण शेवटच्या ४९ दिवसांत निघालात तर लावता येत नाही.

५. किती जुना वापर. १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं बिल आधी कधी दिलं नसेल आणि चूक तुमची नसेल, तर ते आता मागता येत नाही. फायनल बिलात अशी जुनी थकबाकी अचानक उगवते, तारखा बघा.

६. आणि शेवटचं पान, जे कोणी वाचत नाही. तिथे बहुधा लिहिलेलं असतं की अमुक रक्कम अमुक तारखेला किंवा त्यानंतर लवकरच डायरेक्ट डेबिटने घेऊ. तीच तुमची आगाऊ सूचना. ही एक ओळ पुढच्या सगळ्या पायऱ्यांची दिशा ठरवते.

## पायरी ४: वाद कुठला ते ठरवा

माझ्याच घरचं सांगते. स्विचच्या दिवशी लाइटचं रीडिंग ४८२१३ होतं, फोटो होता, नव्याला दिलंही होतं. जुन्याने फायनल बिलात ४८७१३ धरलं. एका आकड्याचा फरक, पण ५०० युनिट, म्हणजे त्या वेळच्या दराने १२५ पाउंडच्या आसपास. एकूण बिल १८६. दोन आठवड्यांनी तेवढेच कापले. मी फोटो काढलेला, पुरावा हातात असलेला, आणि तरी आधी बँकेला फोन केला, आगाऊ सूचना आलीच नाही म्हणून सांगितलं. पैसे त्याच दिवशी परत आले. सहा आठवड्यांनी सप्लायरचं पत्र आलं, १८६ पाउंड थकलेत, भरा नाहीतर वसुलीला देऊ, आणि सोबत बिलाची प्रत, ज्याच्या शेवटच्या पानावर रक्कम आणि तारीख स्पष्ट छापलेली. माझं बिल चुकलेलं होतं, डेबिट चुकलेलं नव्हतं. मग रीडिंगचा वाद घालायचा तो घालावाच लागला, फक्त आता डोक्यावर थकबाकीची टांगती तलवार घेऊन. शेवटी बिल सुधारून ६१ पाउंडचं आलं, ते मी भरलं. तीन महिने गेले. पहिल्याच दिवशी रीडिंगची तक्रार टाकली असती तर निम्म्या वेळात मिटलं असतं.

तर, डेबिट चुकलंय असं कधी म्हणायचं:

- आगाऊ सूचना खरोखर आलेली नाही. ईमेल, स्पॅम, ऑनलाइन अकाउंट, पोस्ट, सगळं बघून झालंय.
- सूचनेत लिहिलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम किंवा वेगळी तारीख. रक्कम किंवा तारीख बदलायची तर सप्लायरने साधारण १० कामाचे दिवस आधी सांगायचं असतं, करारात वेगळं ठरलेलं असेल तर तेवढे, म्हणून सुरुवातीचं कन्फर्मेशन बघा.
- तुम्ही डायरेक्ट डेबिट कॅन्सल केलं होतं आणि तरी पैसे गेले.
- एकच रक्कम दोनदा गेली.
- ही परवानगी तुम्ही कधी दिलीच नव्हती.

बिल चुकलंय कधी: रीडिंग, मीटरचा प्रकार, दर, न जमा केलेला हप्ता, एक्झिट फी, जुनी थकबाकी, किंवा मीटरच दुसऱ्याचा. रक्कम बिलाप्रमाणे आणि सूचनेप्रमाणे गेली असेल तर कितीही राग आला तरी डेबिट बरोबर आहे.

दोन्ही चुकलेले असू शकतात. मग दोन्ही वाद एकाच दिवशी पण वेगवेगळे टाका, आणि एका पत्रात दोन्ही कालवू नका.

## पायरी ५: बिल चुकलं असेल तर सप्लायरकडे लेखी तक्रार

रीडिंगचा प्रश्न असेल तर आधी नव्या सप्लायरला सांगा, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते जुन्याच्या फोनलाइनवर तासन्‌तास थांबतात. रीडिंग नव्याने जुन्याकडे पाठवलेलं असतं, त्यामुळे ते बदलायची बोलणीही नवाच सुरू करतो. त्याला फोटो, तारीख आणि सिरियल नंबर द्या. जुन्यालाही त्याच दिवशी कळवा.

बाकी सगळ्या चुकांसाठी थेट जुना सप्लायर. फोन करा हवं तर, पण फोननंतर ईमेल पाहिजेच. ईमेल छोटा ठेवा, पाच गोष्टी पुरतात: अकाउंट नंबर आणि पत्ता, स्विचची तारीख, बिलाची तारीख आणि चुकलेला आकडा, तुमचा आकडा आणि त्याचा पुरावा, आणि तुम्हाला नक्की काय हवंय. "बिल तपासा" असं लिहू नका, ते तपासतील आणि बरोबर आहे म्हणून कळवतील. "शेवटचं रीडिंग ४८२१३ करून नवीन फायनल बिल द्या आणि फरकाचे पैसे परत करा" असं लिहा. विजेच्या जोडणीचा एमपॅन आणि गॅसचा एमपीआरएन हे नंबर बिलावर असतात, तेही घाला. शेजारच्या फ्लॅटचा मीटर तुमच्या नावावर लागलेला असेल तर ते याच नंबरांवरून कळतं.

आणि एक ओळ इंग्रजीत जशीच्या तशी: "धिस इज अ फॉर्मल कंप्लेंट." हा शब्द असायलाच हवा. कारण नुसती चौकशी केली तर घड्याळ सुरू होत नाही, तक्रार म्हणून नोंदवली की ८ आठवड्यांचं घड्याळ सुरू होतं, जे पुढे कामाला येतं. रेफरन्स नंबर मागून घ्या आणि तो ज्या दिवशी मिळाला ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

तपासा: ईमेलला जोडलेला फोटो उघडून बघा, झूम केल्यावर सिरियल नंबर वाचता येतो का? येत नसेल तर परत काढा. मीटर आहे तिथेच आहे. आजचं रीडिंगही पाठवा, कारण आजचा आकडा जर जुन्याच्या 'फायनल' आकड्यापेक्षा कमी असेल तर त्याहून मोठा पुरावा नाही.

जेवढी रक्कम तुम्हालाही मान्य आहे तेवढी बाजूला काढून ठेवा, शक्य असेल तर भरूनही टाका आणि ईमेलमध्ये तसं लिहा. वाद फक्त उरलेल्या रकमेचा राहतो आणि तुम्ही बिल बुडवताय असं कोणाला म्हणता येत नाही.

## पायरी ६: डेबिट चुकलं असेल तर बँक

इथे मात्र सप्लायरची वाट बघायची गरज नाही. डायरेक्ट डेबिट गॅरंटी सांगते की सप्लायरच्या किंवा बँकेच्या चुकीने पैसे गेले असतील तर बँकेने पूर्ण रक्कम लगेच परत द्यायची. पैसे तुमची बँक तुम्हाला देते आणि नंतर सप्लायरकडून वसूल करते. क्लेमला मुदतही नाही, म्हणजे मागच्या वर्षीचं चुकीचं डेबिट आज सापडलं तरी चालतं, फक्त पुरावा जितका ताजा तितकं बरं.

१. काही बँकांच्या ॲपमध्येच त्या व्यवहारावर क्लेमचा पर्याय असतो. नसेल तर फोन किंवा चॅट.

२. पहिलं वाक्य हे: "आय वॉन्ट टू क्लेम अ रिफंड अंडर द डायरेक्ट डेबिट गॅरंटी." नुसतं रिफंड हवा म्हटलं तर फोनवरचा माणूस कार्डाच्या टीमकडे पाठवतो नाहीतर "कंपनीशी बोला" म्हणतो. बँकेच्या आतल्या भाषेत याला इंडेम्निटी क्लेम म्हणतात, तो शब्द वापरला की काम पटकन पुढे सरकतं.

३. "आधी सप्लायरकडे जा" असं म्हटलं तर नम्रपणे सांगा की गॅरंटीत अशी अट नाही, आणि क्लेम नोंदवायला सांगा.

४. कारण विचारतील. पायरी ४ मधलं तुमचं खरं कारण सांगा, एकच आणि नेमकं. "बिल जास्त आलं" हे कारण यात बसत नाही.

५. क्लेमचा रेफरन्स, तारीख, बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

सावधान: पैसे मिळावेत म्हणून खोटं कारण सांगू नका, "सूचना आली नाही" तर अजिबात नाही. सप्लायरला १४ कामाच्या दिवसांत क्लेमला आव्हान देता येतं आणि सूचना पाठवल्याची नोंद त्यांच्याकडे असते. शिवाय गॅरंटीतच लिहिलंय की हक्क नसताना रिफंड घेतला असेल तर सप्लायरने मागितल्यावर परत द्यावा लागतो.

दुसऱ्याच दिवशी सप्लायरला कळवा की गॅरंटीखाली क्लेम केलाय, कारण हे, आणि बिलाबद्दल माझं म्हणणं हे. नाही कळवलं तर त्यांच्या सिस्टिमला फक्त पैसे परत गेलेले दिसतात, मग आपोआप थकबाकीची पत्रं सुरू होतात.

## पायरी ७: थकबाकीचं पत्र आलं तर

घाबरू नका पण फेकूनही देऊ नका. बँकेने पैसे परत दिले म्हणून बिल माफ होत नाही, हे मी जितक्यांदा सांगते तितक्यांदा कोणाला तरी नवीन वाटतं. देणं खरं असेल तर सप्लायर मागणारच, आणि दुर्लक्ष केलं तर वसुली एजन्सी आणि क्रेडिट फाइलवर डाग, ज्याचा त्रास पुढे मॉर्गेजच्या वेळी होतो.

उत्तर लेखी द्या: ही रक्कम वादात आहे, कंप्लेंट रेफरन्स अमुक, निकाल लागेपर्यंत वसुली थांबवा. एजन्सीचं पत्र आलं तर तेच एजन्सीलाही पाठवा. फोनवर "ठीक आहे, हप्त्याने भरते" असं घाईने कबूल करू नका, आधी हिशोब मागा. तुमची फोन रेकॉर्डिंग, रीडिंगचा इतिहास, पाठवलेल्या सूचना, सगळी माहिती मागायचा हक्क आहे, त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, फुकट असते आणि साधारण महिन्याभरात द्यावी लागते. सूचना खरंच पाठवली होती का, हा प्रश्न अडला की याने सुटतो.

## पायरी ८: तरी सुटलं नाही तर

सप्लायरशी वाद असेल तर एनर्जी ओम्बड्समन, म्हणजे ग्राहक आणि सप्लायरच्या वादात निकाल देणारी स्वतंत्र संस्था. तक्रारीला ८ आठवडे होऊन गेले की किंवा सप्लायरने त्याआधीच "आमचं हेच शेवटचं म्हणणं" असं डेडलॉक लेटर दिलं की जाता येतं, ते पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांच्या आत. फुकट आहे. निकाल तुम्हाला मान्य असेल तर सप्लायरला पाळावाच लागतो, मान्य नसेल तर तुमच्यावर बंधन नाही. लोक ऑफजेमकडे तक्रार पाठवतात, पण ऑफजेम एकेका ग्राहकाच्या तक्रारीत पडत नाही, वेळ जातो.

बँकेने गॅरंटीचा क्लेम घ्यायला नकार दिला तर वाट वेगळी: आधी बँकेकडेच लेखी तक्रार, पैशांच्या व्यवहाराच्या तक्रारीवर त्यांनी सहसा १५ कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि ते पटलं नाही तर ६ महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समन, बँकांच्या तक्रारींसाठीची तशीच संस्था. दोन ओम्बड्समनची गल्लत करू नका. रीडिंगची केस फायनान्शियलकडे नेली तर ते परत पाठवतात.

मधल्या काळात सल्ला हवा असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेची ग्राहक हेल्पलाइन आहे, स्कॉटलंडमध्ये वेगळी, घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर नक्की सांगा, तशा घरांसाठी जास्तीची मदत असते.

## डायरेक्ट डेबिट कॅन्सल कधी करायचं

मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण करायचंही शेवटीच आहे. फायनल बिल आलं, पटलं, शेवटचं डेबिट गेलं किंवा क्रेडिट परत आलं, की मग. क्रेडिट बहुतेक सप्लायर त्याच अकाउंटला पाठवतात, आधीच कॅन्सल केलं तर रिफंड अडकतो, मग चेक येतो, तोही जुन्या पत्त्यावर. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा असा चेक घरमालकाच्या ड्रॉवरमध्ये चार महिने पडून होता.

अपवाद एकच. रक्कम उघड चुकीची आहे, तारीख जवळ आलीय आणि तेवढे पैसे गेले तर भाडं किंवा बाकीची बिलं अडतील, तर कॅन्सल करा, पण त्याच दिवशी सप्लायरला ईमेलने कारण कळवा. आणि बँकेच्या ॲपमध्ये महिन्याभराने परत बघा, तीच परवानगी नव्याने उभी राहिलेली नाही ना.

भारतात परत जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे बुडतात. पुण्याचं तिकीट काढलं की लोक शेवटच्या आठवड्यात घर, सिम आणि बँक अकाउंट एकदमच बंद करतात. फायनल बिलाचे ६ आठवडे आणि रिफंडचे १० कामाचे दिवस धरले तर साधारण दोन महिने होतात, तेवढे दिवस इथलं अकाउंट चालू राहू द्या, फोन नंबरही, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. सप्लायरकडे ऑफिसचा ईमेल दिलेला असेल तर स्वतःचा घाला. घर सोडतानाचे दोन्ही मीटरचे फोटो काढा आणि ते त्याच दिवशी सप्लायरला आणि लेटिंग एजंटला, दोघांनाही एकाच ईमेलमध्ये पाठवा.